दोन्ही बाजूंना डोंगरातलीच माणसं

इराकच्या ईशान्य कोपऱ्यात, खोल घळीच्या काठावर, रवांदुज नावाचं जुनं गाव आहे. एर्बिल शहराहून या गावामार्गे इराणच्या सरहद्दीकडे जाणारा रस्ता आर्चिबाल्ड हॅमिल्टन या न्यूझीलंडच्या इंजिनिअरनं १९२८ ते १९३२ या काळात डोंगर फोडून काढला. हाताखाली कुर्द, अरब, असिरियन, इराणी असे सगळ्या जातींचे मजूर. गली अली बेगच्या अरुंद खिंडीतून तो वर चढतो आणि हाजी ओमरानपाशी सरहद्दीला भिडतो. ब्रिटिशांना रस्ता हवा होता तो या डोंगरी मुलखावर हुकमत बसवायला. हॅमिल्टनला मात्र मनापासून वाटत होतं, की रस्ता आला की व्यापार येईल, माणसं एकमेकांकडे जातील येतील आणि जुनी वैरं सैल पडतील. आजही लोक त्याला हॅमिल्टन रस्ताच म्हणतात. कुर्दांच्या पुढच्या लढ्यांमध्ये या रस्त्याचा कुठला ना कुठला तुकडा सारखा रणांगण होत राहिला.

याच रस्त्यावर नजर ठेवून हंद्रीन आणि झोझिक हे दोन डोंगर उभे आहेत. मे १९६६मध्ये तिथं जी लढाई झाली तिच्याविषयी मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचतो आहे.

इराक, इराण आणि तुर्कस्तानच्या डोंगरांत राहणाऱ्या कुर्द लोकांचं इराक सरकारविरुद्धचं बंड १९६१च्या सप्टेंबरपासून सुरू होतं. मुस्तफा बारझानी त्याचा म्होरक्या. १९४६ साली इराणमध्ये महाबादचं कुर्द प्रजासत्ताक जेमतेम वर्षभर टिकलं, तेव्हा त्याच्या फौजेत हा माणूस होता. ते कोसळल्यावर काहीशे साथीदारांना घेऊन लढत लढत सोव्हिएत संघात गेला आणि अकरा वर्षांनी, १९५८च्या क्रांतीनंतर, बगदादला परतला. त्याच्या माणसांना पेशमर्गा म्हणत. मरणाच्या पुढे उभे राहणारे. खांद्यावर जुनी ब्रनो रायफल, कमरेला गुंडाळलेलं लांबलचक वस्त्र, खिशात मनुका नाहीतर भाकरीचा तुकडा. समोर इराकी सैन्य, तोफखाना आणि विमानं.

१९६६च्या एप्रिलमध्ये इराकचे राष्ट्राध्यक्ष अब्दुल सलाम आरिफ हवाई अपघातात गेले आणि त्यांचे भाऊ अब्दुल रहमान आरिफ त्या खुर्चीवर बसले. लष्कराला कुर्दांचा प्रश्न एकदाचा बंदुकीनं मिटवून टाकायचा होता. बेत सरळ होता. रवांदुजकडून हाजी ओमरानपर्यंत रस्ता ताब्यात घ्यायचा, म्हणजे इराणकडून येणारी रसद तुटेल आणि बंडखोरांच्या मुलखाचे दोन तुकडे पडतील. रस्ता हवा तर आधी डोंगर हवेत. विमानांनी आणि तोफांनी झोडपून काढल्यावर इराकी फौज उतारावर चढली, काही शिखरांवर पोचलीही. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ११ आणि १२ तारखेला, फाखिर मेर्गासोरी या सरदाराच्या हाताखाली पेशमर्गांनी उलटा घाला घातला. त्यांच्याबरोबर इराकी कम्युनिस्ट लढवय्येही होते. आखणीत इस्रायली अधिकाऱ्यांचा हात होता, हे पुढं त्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं. रात्रीचा अंधार, पायाखालची वाट माहीत असलेली माणसं, आणि उतारावर अडकून पडलेली सपाट प्रदेशातली फौज. आख्खी ब्रिगेड मोडली. मेलेल्यांचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण हजाराच्या पलीकडचे दावे वारंवार येतात. तोफा, दारूगोळा, वायरलेस, सगळं डोंगरावर पडलेलं सापडलं.

पंतप्रधान अब्दुल रहमान अल-बझ्झाझ हे लष्करातले नव्हते, कायद्याचे पंडित होते. लढाई हरल्यावर त्यांच्या बोलण्याला वजन आलं. २९ जून १९६६ला त्यांनी बारा कलमी जाहीरनामा काढला. त्यात कुर्दांचं वेगळं राष्ट्रीयत्व मान्य होतं, त्यांच्या भाषेला स्थान होतं, स्थानिक कारभाराचे अधिकार होते. ऑगस्टमध्ये लष्करानं बझ्झाझनाच घालवलं आणि जाहीरनामा कागदावर राहिला.

मराठी वाचकाला या लढाईचं आकर्षण वाटावं यात नवल नाही. खिंड, चढण, रसद, रात्रीचा छापा, ही आपली लहानपणापासूनची भाषा. मलाही ती तिथूनच भावली. पण हंद्रीनच्या आसपासची पानं वाचत गेलो तसं माझं लक्ष डोंगरमाथ्यावरून खाली सरकलं. सरकारच्या बाजूनं फक्त बसऱ्याची आणि बगदादची पोरं लढत नव्हती. सरकारच्या पगारावर कुर्दही लढत होते. दुसऱ्या टोळ्यांचे, शेजारच्या खोऱ्यातले, कधी कधी नात्यातले.

या माणसांना सरकारनं दिलेलं नाव भारदस्त होतं: सलाहुद्दीनचे स्वार. सलाहुद्दीन अय्युबी स्वतः कुर्द, म्हणून. कुर्द लोक त्यांना जाश म्हणत, म्हणजे गाढवाचं शिंगरू. ही शिवी आजही तिथं जिवंत आहे आणि ती कुणाला बसली, कुणाची पुसली गेली, हाच मला त्या देशाचा खरा इतिहास वाटू लागला आहे.

झिबारी ही बारझानींची शेजारीण टोळी आणि पिढीजात वैरी. १९४५ साली मुस्तफा बारझानीचं बंड मोडलं, त्याला सरहद्द ओलांडून इराणात पळावं लागलं, तेव्हा सैन्याइतकीच कामगिरी सरकारनं आपल्याकडे वळवलेल्या टोळ्यांची होती, आणि त्यात झिबारी होते. साठच्या दशकातही झिबारींचे आगा सरकारच्या बाजूनं उभे राहिले. आणि मुस्तफा बारझानीची एक बायको झिबारी आगाची मुलगी होती. तिच्या पोटी १९४६मध्ये महाबादला जन्मलेला मुलगा म्हणजे मसूद बारझानी, पुढे इराकी कुर्दिस्तानचा अध्यक्ष. त्याचा मामा होशियार झिबारी २००३नंतर दशकभर इराकचा परराष्ट्रमंत्री होता. भाऊबंदकी आणि सोयरीक एकाच अंगणात कशी नांदते हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

हंद्रीनच्या वर्षी तर याहून मोठी गोष्ट घडत होती. बारझानीच्याच पक्षातले शिकलेले, शहरी, डाव्या विचारांचे नेते, इब्राहिम अहमद आणि पुढे त्यांचे जावई झालेले जलाल तालाबानी, १९६४मध्ये त्याच्याशी भांडून बाहेर पडले होते. बारझानी म्हणजे टोळीचा म्होरक्या, त्याला पक्ष आणि विचार यांची पर्वा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण १९६६च्या सुरुवातीला हे दोघं आणि त्यांची माणसं बगदादच्या बाजूला गेली, सरकारी शस्त्रं घेऊन बारझानीविरुद्ध लढली. बारझानीच्या गोटानं त्यांना सासष्टचे जाश असं नाव ठेवलं. ते नाव तालाबानींना जन्मभर चिकटलं. त्याच तालाबानींनी १९७५मध्ये नवा पक्ष काढला, दहा-बारा वर्षं डोंगरात काढली, आणि २००५ साली ते इराकचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले पहिले कुर्द.

तालाबानींसारख्यांना निदान मत होतं, महत्त्वाकांक्षा होती. हजारो साध्या जाशांकडे काय होतं?

ऐंशीच्या दशकात, इराण-इराक युद्ध चालू असताना, ही व्यवस्था लाखाहून अधिक माणसांपर्यंत पसरली. ती चालायची कशी हे नीट पाहण्यासारखं आहे. टोळीच्या प्रमुखाला सरकार मुस्तशार नेमायचं, म्हणजे सल्लागार. त्यानं आपल्या माणसांची यादी द्यायची. यादीतल्या प्रत्येक डोक्यामागे पगार यायचा तो त्याच्या हातात. त्यातला वाटा तो ठेवून घ्यायचा, आणि यादीत बंदूक कधीच न उचललेली नावंही असायची. नाव घालणाऱ्या माणसाला सगळ्यांत मोठा फायदा पैशांचा नव्हता. यादीत नाव असलं की सक्तीच्या लष्करभरतीतून सुटका. म्हणजे बसऱ्याच्या दलदलीत इराणी तोफांपुढे मरायला जायचं नाही, आपल्याच खोऱ्यात राहायचं, गाव शाबूत, म्हातारे आईबाप डोळ्यांसमोर. डोंगरात पेशमर्गा व्हायचं तर घर जाळलं जाण्याची तयारी हवी. सैन्यात जायचं तर मृत्यू. उरली ती यादी.

अशा वेळी मी काय केलं असतं? या प्रश्नाचं शूर उत्तर मला देता येत नाही, आणि बायकापोरं असलेल्या कुठल्याही माणसानं ते घाईनं देऊ नये असं मला वाटतं.

आमच्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेली, त्यांतली इतकी कामी आली, एवढाच मजकूर. नावं नाहीत. अशा पाट्या सातारा, पुणे, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत आहेत. त्या माणसांतले बरेच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकून पडल्या, उपाशी राहिल्या, १९१६च्या एप्रिलमध्ये तुर्कांच्या कैदेत गेल्या. महायुद्ध संपल्यावरही हिंदी फौजा तिथंच राहिल्या, कारण आता ब्रिटिशांना तो देश चालवायचा होता. १९१९च्या मेमध्ये सुलेमानियाच्या शेख महमूद बरझिंजीनं त्यांच्याविरुद्ध बंड केलं, तेव्हा ते मोडायला निघालेल्या फौजेत हिंदी शिपाई होते. जूनमध्ये बझियानच्या खिंडीत शेख जखमी होऊन पकडला गेला. फाशीची शिक्षा झाली, मग ती बदलून त्याला हद्दपार केलं गेलं, ते हिंदुस्थानात. कुर्दांच्या आधुनिक बंडांची सुरुवात ज्या लढाईपासून सांगतात तिच्यात सरकारच्या बाजूनं आपल्या देशातली गरीब शेतकऱ्यांची पोरं होती. दुष्काळाला कंटाळून, पगारासाठी, भावकीतल्या कुणाच्या तरी मागोमाग भरती झालेली. शेख महमूद कोण आणि त्याचं म्हणणं काय, हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. त्या पाटीपुढे मी उभा राहिलो तेव्हा मला त्यांचा अभिमानही वाटला आणि त्यांची कीवही आली. दोन्ही खरं आहे. यादीतल्या जाशाकडे मी पाहतो तो या पाटीवरून पाहतो.

पण इथं थांबता येत नाही, कारण पुढं १९८८ आहे.

त्या वर्षी फेब्रुवारी ते सप्टेंबर या महिन्यांत सद्दामच्या राजवटीनं कुर्दांच्या खेड्यांविरुद्ध आठ टप्प्यांची मोहीम चालवली. नाव अन्फाल. कुराणातल्या आठव्या अध्यायाचं नाव तिला दिलं होतं. सूत्रधार अली हसन अल-मजीद, सद्दामचा चुलतभाऊ. पहिला टप्पा तालाबानींच्या पक्षाच्या डोंगरातल्या ठाण्यांवर, सर्गलू आणि बर्गलूवर. तो चालू असतानाच १६ मार्चला हलबजा शहरावर विषारी वायू टाकला गेला आणि पाच हजारांच्या आसपास माणसं मेली. बाकीच्या टप्प्यांत खेडीच्या खेडी उठवली गेली. माणसं ट्रकमध्ये घालून किर्कुकजवळच्या तोपझावाच्या छावणीत आणायची, बायका आणि पुरुष वेगळे करायचे, आणि पुरुषांना, कित्येक ठिकाणी बायकापोरांनाही, दक्षिणेच्या वाळवंटात नेऊन खड्ड्यांपुढे उभं करायचं. मानवाधिकार संघटनांचा अंदाज पन्नास हजार ते एक लाख बळींचा आहे. कुर्द १,८२,००० म्हणतात.

या मोहिमेत जाश सैन्याच्या पुढं चालत होते. वाटा त्यांना माहीत होत्या. खेडुतांची भाषा त्यांची होती. डोंगरात लपलेल्या लोकांना हाका मारून ते सांगत, खाली या, माफी जाहीर झाली आहे, तुम्हाला काही होणार नाही. लोक त्यांच्या शब्दावर खाली आले, कारण सांगणारा आपल्यातला होता. १९८७च्या जूनमध्ये निघालेल्या एका सरकारी हुकमात लिहिलं होतं, की मनाई केलेल्या भागात पकडलेल्या १५ ते ७० वयाच्या पुरुषांना चौकशीनंतर ठार करावं. आणि त्याच हुकमात होतं, की जाशांच्या हाती जे लागेल ते, अवजड शस्त्रं सोडून, त्यांनी ठेवून घ्यावं. मेंढरं, भांडी, गालिचे, बायकांचे दागिने.

आणि याच जाशांतल्या काहींनी रात्री ट्रकमधून पोरं उतरवून घेतली. कुणाला आपल्या नातलगाच्या घरी लपवलं, कुणाला मुद्दाम वाट चुकवून सोडलं. वाचलेल्या माणसांच्या जबान्यांत हे दोन्ही आहे, कधी कधी एकाच जबानीत. सकाळी ज्यानं फसवून खाली आणलं त्याच्याच तुकडीतल्या दुसऱ्यानं संध्याकाळी दोरी सैल केली. चमचमाल गावात तर ट्रक थांबवायला शहरातले लोक दगड घेऊन रस्त्यावर उतरले. मी या जबान्या सलग वाचू शकत नाही. थोडं वाचून उठतो, परत बसतो.

तीन वर्षांनी सगळं फिरलं. १९९१च्या फेब्रुवारीअखेर कुवेतचं युद्ध संपलं, इराकी सैन्य पिटून परतत होतं. कुर्द पक्षांनी एकत्र येऊन आघाडी केली होती. तिनं मुस्तशारांना गुपचूप निरोप पाठवले: आमच्या बाजूला या, मागचं सगळं माफ. ५ मार्चला रानियामध्ये उठाव झाला. बंदुका जाशांच्याच होत्या, तोंडं वळली. रानियाला आजही उठावाचं दार म्हणतात. दोन दिवसांत सुलेमानिया पडलं, तिथली लाल रंगाची गुप्तचर कचेरी लोकांनी तासन् तास लढून घेतली. ११ला एर्बिल. नौरोजच्या, म्हणजे मार्चमधल्या नववर्षाच्या सुमाराला किर्कुक. पंधरवड्यात जवळजवळ सगळा कुर्दिस्तान मोकळा, आणि तो डोंगरातून उतरलेल्या पेशमर्गांपेक्षा शहरात आधीपासून बसलेल्या जाशांनी मोकळा केला होता.

मार्च संपता संपता सद्दामचे रणगाडे परत आले. दहा-पंधरा लाख माणसं पावसात, बर्फात इराण आणि तुर्कस्तानच्या सरहद्दीकडे चालू लागली. त्या पळापळीत, सलाहुद्दीन आणि शकलावाच्या मधल्या कोरे नावाच्या घाटात, मसूद बारझानी मूठभर पेशमर्गांसह रणगाड्यांच्या रांगेपुढे उभे राहिले आणि त्यांनी ती अडवली. हाही हॅमिल्टनचाच रस्ता. रणगाडे तिथंच जळाले.

माफी दिली नसती तर रानिया झालं नसतं. हे मला निर्विवाद वाटतं. यादीतली लाखभर माणसं आणि त्यांची घरं यांना कायमचं शत्रू ठरवून कुठलाच समाज उभा राहू शकला नसता. आणि शिवी तरी कुणी कुणाला द्यायची? १९९४पासून बारझानी आणि तालाबानी यांचे पक्ष एकमेकांशी लढू लागले. ३१ ऑगस्ट १९९६ला मसूद बारझानींनी तालाबानींच्या पक्षाला एर्बिलमधून हुसकायला सद्दामचीच फौज बोलावली. अन्फालला आठ वर्षं झाली होती. तीस वर्षांपूर्वी ज्यांना जाश म्हटलं गेलं होतं ते आता तोच शब्द उलट फेकत होते.

तुर्कस्ताननं हीच युक्ती १९८५पासून वापरली. तिथं त्यांना ग्रामरक्षक म्हणतात. सरकारी बंदूक आणि पगार घ्या, नाहीतर गाव खाली करा. हजारो गावं खाली झाली. २००९च्या मेमध्ये मार्दिन प्रांतातल्या बिल्गे गावात एका लग्नसोहळ्यावर गोळीबार होऊन ४४ माणसं मेली. मारणारे ग्रामरक्षक, मेलेले त्यांचेच नातलग, जुन्या वैरातून. बंदूक बंडखोरांसाठी दिली होती. घरात आल्यावर ती घरच्याच भांडणात निघाली.

इराकी कुर्दिस्तानात १९९१ची माफी सरसकट होती. साधा जाश आणि त्याचा मुस्तशार एकाच ओळीत बसले. साधा जाश शेतावर परतला. मुस्तशारांकडे माणसं होती, मतं होती, म्हणून दोन्ही पक्षांनी त्यांना आपापल्याकडे ओढून घेतलं, पदं दिली, मान दिला. अन्फालमध्ये ज्यांचे नवरे आणि मुलगे गेले त्या बायका कित्येक वर्षं मागणी करत आहेत, की ज्या मुस्तशारांनी खेडी वेढून दिली त्यांच्यावर खटले भरा. अली हसन अल-मजीदला बगदादच्या न्यायाधिकरणानं शिक्षा दिली, जानेवारी २०१०मध्ये तो फासावर गेला. त्याच्यापर्यंत ट्रक पोचवणारे मात्र आपल्याच गावात प्रतिष्ठित म्हणून फिरताना या बायकांना दिसतात.

हंद्रीनचा विजय कुर्द दरवर्षी आठवतात आणि आठवावा असाच तो आहे. पण माझं मन या बायकांच्या मागणीपाशी अडतं. लष्करभरती चुकवायला यादीत नाव घालणारा आणि यादी हातात धरून पगार मोजणारा यांना मी एक मानू शकत नाही. पहिल्याला माफी मिळाली हे योग्य झालं. दुसऱ्यानं उभं राहून सांगायला हवं, की त्या दिवशी डोंगराखाली उभं राहून त्यानं कुणाकुणाला खाली बोलावलं, कोणत्या ट्रकमध्ये घातलं आणि बदल्यात काय घेतलं. त्या बायकांना पैसा किंवा सूड यांच्या आधी ही हकीकत हवी आहे, कारण अजून खड्डे सापडत आहेत आणि कुठल्या खड्ड्यात कोण आहे हे त्यांना ठाऊक नाही.